हासेगावची मुलं

2009 साली लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं हासेगाव अचानक राज्यभराच्या बातम्यांत आलं. तिथल्या 'सेवालय' या बालगृहातल्या एचआयव्हीबाधित मुलांची नावं गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातली गेली आणि पालकांनी आपापली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. ही पोरं नकोत, एवढंच गावाचं म्हणणं. अखेर प्रशासनाला मध्ये पडावं लागलं.

सेवालय उभं करणारे रवी बापटले याच जिल्ह्यातले. पत्रकारिता आणि प्राध्यापकी हे त्यांचे व्यवसाय. मित्रांना सोबत घेऊन 'आम्ही सेवक' या नावानं त्यांनी समाजकार्य सुरू केलं होतं. त्या काळात एड्सनं दगावलेल्या एका मुलाच्या देहाला हात लावायला कुणी तयार नसल्याचं त्यांनी पाहिलं. त्या अनुभवातून 2007 मध्ये हासेगावच्या माळावर सेवालय सुरू झालं. गावाचा विरोध पहिल्या दिवसापासून होता. शाळेच्या निमित्तानं तो चव्हाट्यावर आला इतकंच.

गावकरी दुष्ट होते असं म्हणून मोकळं होता येणार नाही. त्या दशकात महाराष्ट्र हे एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या देशातल्या सहा राज्यांपैकी एक होतं. तेव्हाचं अविभाजित आंध्र आणि कर्नाटक ही शेजारची दोन राज्यंही त्याच यादीत होती, आणि लातूर-नांदेड हा तर सीमेवरचा मुलूख. आजाराची भीती घरोघर पोचली होती, पण माहिती पोचली नव्हती. एका बाकावर बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं, खेळताना अंगाला अंग लागल्यानं हा विषाणू पसरत नाही. असुरक्षित संबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि बाधित आईकडून बाळाकडे, हे त्याचे मार्ग. सेवालयात येणारी बहुतेक मुलं या शेवटच्या वाटेनं बाधित झालेली. आईबाप गेलेले, नातेवाइकांनी हात वर केलेले.

हे सारं घडलं तेव्हा शिक्षण हक्क कायदा लागूही झालेला नव्हता. तो 1 एप्रिल 2010 पासून आला. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला मनाई करणारा स्वतंत्र कायदा 2017 मध्ये झाला आणि सप्टेंबर 2018 मध्ये अमलात आला. म्हणजे हासेगावात मुलांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांच्या हाती नेमकं बोट ठेवावं असं कलमच नव्हतं. गावाशी बोलत राहणं, अधिकाऱ्यांच्या दारात जाणं, वर्तमानपत्रांना विषय लावून धरायला लावणं, एवढीच हत्यारं. आजच्या कार्यकर्त्यापाशी निदान कायदा आहे. त्या 2017 च्या कायद्यातली एक तरतूद फार कमी जणांना ठाऊक असते. एचआयव्हीची झळ बसलेल्या घरात बारा वर्षं पूर्ण झालेलं समजदार भावंड घर सांभाळत असेल, तर ते धाकट्याचं पालक म्हणून शाळेत नाव घालू शकतं, बँकेचं खातं चालवू शकतं, उपचारांसाठी सही करू शकतं. बारा वर्षांच्या मुलीवर संसाराचा भार पडतो हे कायद्यानं मान्य करावं, यातच त्या घरांची अवस्था कळते.

मराठवाड्यात बालहक्कांचं काम करू पाहणाऱ्यानं अशा निराधार मुलांचं पुढं काय करायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीचं कामही समजून घ्यायला हवं. बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. निराधार मूल सापडलं, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत ते तिच्यासमोर आणावं लागतं. सदस्य व्हायला मुलांचं आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यांतल्या किमान सात वर्षांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि समाजकार्य, कायदा, शिक्षण अशा विषयातली पदवी हा एक मार्ग कायद्यानं ठेवला आहे. अशी पदवी असेल, तर वस्तीवर अभ्यासवर्ग घेणारा, बालविवाह रोखायला धावणारा कार्यकर्ता उद्या या खुर्चीवर बसू शकतो. नांदेड-लातुरात असं काम करणारी माणसं कमी नाहीत. ही वाट त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवायला हवी.

सेवालयाचा रोजचा दिवस मात्र गोळ्यांच्या वेळांवर चालतो. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी, औषधं भारतात 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली, लहान मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम 2006 च्या अखेरीस आला. ही औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. डोस वारंवार चुकले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या गावातली म्हातारी आजी नातवाच्या गोळ्या ठरल्या वेळी देईलच याची खात्री नसते, तिथं बालगृहाची गरज पडते. औषधं नीट चालली की मुलं वाढतात, शिकतात, गातात. सेवालयाच्या मुलांनी 'हॅपी म्युझिक शो' नावाचा वाद्यवृंद उभारून गावोगाव कार्यक्रम केले. एकेकाळी ज्यांच्या शेजारी बसायला लोक कचरत होते, त्यांचीच गाणी ऐकायला समोर गर्दी बसू लागली.

मग अठराव्या वर्षाचा प्रश्न आला. कायद्याच्या लेखी बालगृह अठरापर्यंतच. पुढं या मुलामुलींनी जायचं कुठं? घर नाही, आईबाप नाहीत, आजार कळला की खोली मिळत नाही. बापटले यांनी 'हॅपी इंडियन व्हिलेज' उभं केलं ते यासाठी. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की नाव एचआयव्हीच होतं, आणि ते तसंच ठेवलेलं आहे. मोठी झालेली मुलं तिथं राहतात, कामं शिकतात. बाधित तरुण-तरुणींची लग्नं सेवालयानं लावून दिली आहेत.

लग्न म्हटलं की मुलाबाळांचा विचार आलाच. काहीच उपचार नसतील, तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. आईला वेळेवर औषधं मिळाली, तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते, शेवटचा निर्वाळा अठरा महिन्यांनंतर मिळतो. तेवढे महिने आईची एकही गोळी चुकू नये, बाळाची एकही तारीख हुकू नये, हे पाहायला आज हासेगावसारख्या गावांत माणसं लागतात.