आधी घर, मग बाकी सारे

फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात, आल्पिकातू रस्त्यावरच्या २५ क्रमांकाच्या इमारतीत मुक्तिफौज ही ख्रिस्ती सेवासंस्था बेघरांसाठी निवारा चालवत असे. सुमारे २५० खाटांचा तो शहरातला शेवटचा मोठा निवारा. २०१२मध्ये नूतनीकरण झाले आणि खाटांच्या जागी ८१ छोटी घरे आली. प्रत्येक घराला स्वतःचे दार, स्वयंपाकाची सोय, न्हाणीघर. राहणाऱ्याच्या नावे रीतसर भाडेकरार होतो. भाडे त्यानेच भरायचे. मिळकत अपुरी असेल तर शासनाचा घरभत्ता मिळतो. मदतीला कार्यकर्ते इमारतीतच असतात, पण उपचार घेतलेच पाहिजेत अशी अट नाही.

पूर्वी हिशेब उलटा होता. आधी दारू सोडा, उपचार पुरे करा, नीट वागून दाखवा, मग घर. सर्वांत खचलेली माणसे पहिल्याच पायरीवरून परत रस्त्यावर जात. आज रात्री कुठे झोपायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने औषधाच्या वेळा कशा पाळाव्यात? मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा क्रम बदलून आधी घर दिले. फिनलंडने २००८मध्ये तेच राष्ट्रीय धोरण केले: दीर्घकालीन बेघरपण निम्म्यावर आणायचे आणि दहा शहरांत १,२५० घरे उभारायची.

हे शक्य झाले, कारण पाया आधीच घातलेला होता. १९८५मध्ये स्थापन झालेली वाय-फाउंडेशन ही संस्था साध्या वस्त्यांमधल्या इमारतींत सुट्या सदनिका विकत घेऊन बेघरांना भाड्याने देत आली होती. हेलसिंकीत बरीचशी जमीन महापालिकेच्या मालकीची आहे, त्यामुळे परवडणारी घरे सतत बांधली जातात. घरेच नसतील, तर ‘आधी घर’ ही नुसती घोषणा उरते.

घर मिळाले म्हणून व्यसन सुटतेच असे नाही. कुणी वर्षानुवर्षे पीत राहतो, कुणाला एकटेपण खाते. काही ठिकाणी शेजाऱ्यांचा विरोधही झाला. तरीही १९८७मध्ये अठरा हजारांच्या आसपास असलेली देशातल्या बेघरांची संख्या २०२३मध्ये ३,४२९वर आली. घरभत्त्यात कपात झाली आणि २०२४मध्ये बेघरांची संख्या पुन्हा वाढली.

या चढउतारातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बेघरपण हा माणसाच्या स्वभावातला दोष नव्हे. ते घरांच्या आणि पैशांच्या निर्णयांनी वाढते, कमी होते. म्हणून घर हे सुधारल्याचे बक्षीस असू नये. सुधारण्यासाठी लागणारी ती पहिली जागा आहे, आणि ती देण्याची जबाबदारी शासनाने दर वर्षीच्या अर्थसंकल्पात पेलली पाहिजे.