परक्या देशाचं पदक

आमच्या जेऊर स्टेशनावर गणवेशातला जवान उतरला, की पोरांची नजर आधी जाते ती त्याच्या छातीवरच्या रंगीत फितींकडे. आपल्या देशानं आपल्या शिपायाला गौरवावं, हे आपण समजू शकतो. पण परका देश पदक देतो तेव्हा त्याचा अर्थ काय?

६ जून १९४४. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मेजर जॉन हॉवर्ड यांची ब्रिटिश तुकडी ग्लायडरांतून फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरली आणि काही मिनिटांत कालव्यावरचा पूल तिनं घेतला. पुढे फ्रान्सनं हॉवर्ड यांना ‘क्रॉ द गेर’ दिलं. १९१५ साली सुरू झालेलं हे पदक दिसायला सर्वांचं सारखंच. शौर्याची पायरी कळते ती फितीवरच्या खुणेवरून. ब्रिगेडच्या आदेशात नाव आलं तर ब्राँझचा तारा, डिव्हिजनच्या आदेशात आलं तर चांदीचा, आणि आर्मीच्या आदेशात आलं तर ताडाचं पान. हॉवर्डना पान मिळालं.

त्याच उन्हाळ्यात, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे लढत होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा २२ वर्षांचा मराठा. मशीनगनच्या माऱ्यात सगळे साथीदार पडले. घाडगे एकटे धावले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजानं त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हॉवर्डना पदक दिलं ते मुक्त झालेल्या देशानं, कृतज्ञता म्हणून. घाडग्यांना दिलं ते आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी. हा क्रॉस १८५६ सालचा, पण हिंदी शिपायांना तो खुला झाला १९११ साली. शौर्य तेच, देणाऱ्याशी नातं मात्र वेगळं.

घाडग्यांची पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, मराठा बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी ती टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. तिथंही उद्दिष्ट होतं एक पूल, पुंगलीचा. या वेळी पाठवणारा देश आपला होता.

मला वाटतं, पदकाहून मोलाचा असतो तो सोबतचा कागद. कोण, कुठं, काय केलं, हे त्यावर असतं. तो हरवला, की पदक मुकं होतं. तुमच्या घरात आजोबांची ट्रंक असेल, तर तिच्यातला तो कागद आधी जपा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)