विमानांच्या अवतरणाचा क्रम आणि संगणकाचे साहाय्य

विमानतळाकडे निरनिराळ्या दिशांनी अनेक विमाने एकाच सुमारास येत असली, तरी एका धावपट्टीवर एका वेळी एकच विमान उतरू शकते. रस्त्यावरील वाहन चौकात थांबविता येते. विमान आकाशात उभे करता येत नाही. त्यामुळे ही विमाने दूर असतानाच त्यांची रांग लावावी लागते. हे काम हवाई वाहतूक नियंत्रक करतात. त्यांना या कामी सल्ला देणाऱ्या संगणक-प्रणाली अनेक मोठ्या विमानतळांवर वापरल्या जातात.

अंतराचा हिशेब

उडत्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात. विमान जितके वजनदार, तितके हे भोवरे मागील विमानास अधिक धोक्याचे. म्हणून आंतरराष्ट्रीय परंपरागत वर्गवारीनुसार १३६ टन वा त्याहून अधिक वजनाच्या 'जड' विमानामागे मध्यम विमान असल्यास ५ सागरी मैल आणि जड विमान असल्यास ४ सागरी मैल अंतर ठेवतात. मध्यम विमानामागे मध्यम वा जड विमान असल्यास रडारच्या आधारे ३ मैल पुरतात.

समजा, दोन जड व दोन मध्यम विमाने येत आहेत. जड, मध्यम, जड, मध्यम असा क्रम लावल्यास ५, ३ व ५ मिळून १३ मैल लागतात. दोन्ही मध्यम विमाने आधी घेतल्यास ३, ३ व ४ मिळून १० मैलांत काम भागते. चार विमानांचा हा हिशेब तोंडी होतो. चाळीस विमानांचा होत नाही.

प्रणालीचे कार्य

अमेरिकेत 'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रात हाइन्झ अर्झबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी प्रणाली विकसित केली. १९९६ मध्ये डॅलस-फोर्टवर्थ येथील प्रत्यक्ष वाहतुकीवर तिच्या चाचण्या झाल्या. रडारवरील स्थान, उड्डाणाचा आराखडा, वरच्या थरांतील वारे व विमानाची क्षमता यांवरून ती प्रत्येक विमानाची आगमनवेळ काढते, क्रम सुचविते आणि कोणास किती विलंब लावावा हे पडद्यावर दाखविते. विमान ठरावीक टप्प्याच्या आत आले, की त्याची वेळ कायम केली जाते. सल्ला क्षणोक्षणी बदलल्यास नियंत्रकाचाच गोंधळ उडेल. विलंब आधी कळल्याने विमान उंचावरच वेग कमी करू शकते व खाली घिरट्या घालण्यात जळणारे इंधन वाचते.

निर्णय नियंत्रकाचाच

ही प्रणाली वैमानिकास आज्ञा देत नाही. विमानातील प्रवासी अत्यवस्थ झाल्यास, वादळ आल्यास किंवा धावपट्टी अकस्मात बंद पडल्यास सुचविलेला क्रम बाजूस सारण्याचा अधिकार नियंत्रकाचा असतो. यंत्र बंद पडल्यासही रांग त्यालाच सांभाळावी लागते. म्हणून साहाय्य कितीही चांगले असले, तरी स्वतः रांग लावण्याचा सराव नियंत्रकाने सोडता कामा नये.