शाळेपासून शंभर यार्ड

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे शाळांच्या ऐन उन्हाळी सुटीत येतो. अमली पदार्थविरोधी दिन येतो २६ जूनला, शाळा नुकत्याच उघडलेल्या असताना. त्यामुळे सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड यांसारख्या परभणी जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी व्यसनमुक्तीचा सार्वजनिक उत्साह बहुधा या दुसऱ्या दिवसाच्या आसपास दिसतो. प्रभातफेरी निघते, मुले हात पुढे करून शपथ घेतात, पाहुणे भाषण करतात. फेरी विसर्जित होते तेव्हा शाळेच्या कोपऱ्यावरची टपरी उघडीच असते.

शपथ अगदीच व्यर्थ असते असे नव्हे. परंतु शपथेचा सारा भर मागणीवर असतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलाची मागणी ही बव्हंशी पुरवठ्याचीच निर्मिती असते. पुडी काही रुपयांत मिळते, खिशात मावते, तिचा धूर होत नाही, आणि घरी आजोबा तळहातावर तंबाखू मळताना नित्य दिसतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील लोकसंख्येपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे त्यांत अवघे ३.८ टक्के होते. धूर न होणारी तंबाखू घेणारे मात्र २४.४ टक्के. शाळेच्या भिंतीवर जळत्या सिगारेटवर फुली मारलेले चित्र रंगविले जाते, तेव्हा शत्रू दुसऱ्याच दाराने आत आलेला असतो.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली. या अपराधाला दंड किती, तर दोनशे रुपयांपर्यंत. चालत्या टपरीला हा दंड म्हणजे व्यवसायाचा किरकोळ खर्च होय. उलट २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक शिक्षा इतकी हलकी की तिचे भय नाही, दुसरी इतकी जड की शेजाऱ्याविरुद्ध ती मागायला छोट्या गावात कोणाची जीभ रेटत नाही. २०१२ मध्ये राज्याने गुटखा बंद केला, तेव्हा उत्पादकांनी सुपारीचा मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घालून बाजारात आणली. मिसळण्याचे काम तेवढे गिऱ्हाइकाकडे आले!

वस्तुतः पुरवठ्यावर घाव घालण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या राज्यात अबकारी हा उत्पन्नाचा मोठा स्रोत होता, आणि १९४७ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात गावोगावच्या लोकांनी शिंदीची झाडे तोडून नेमके त्या स्रोताचे मूळच छाटले. हेतू राजकीय होता हे खरे. तथापि सरकारचा खजिना कोठून भरतो, हे त्या लोकांनी अचूक ओळखले होते. आज राज्याला मद्यावरील उत्पादन शुल्कापासून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक महसूल मिळतो, आणि २०२५ मध्ये शुल्कवाढ झाली तीही प्रामुख्याने महसूल वाढविण्यासाठीच. अशा शासनाने दारूच्या दुकानाविरुद्ध पुढाकार घ्यावा ही अपेक्षा भाबडी ठरेल. तो गावालाच घ्यावा लागतो.

त्यासाठी एक हत्यार गावाच्या हाती आहेही. २००८ च्या शासकीय आदेशाने दारूचे दुकान बंद करण्याचा कौल गावच्या स्त्रियांकडे सोपविला; उभी बाटली की आडवी बाटली, हे त्यांनी गुप्त मतदानाने ठरवायचे. मात्र एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत, केवळ झालेल्या मतदानापैकी नव्हे. म्हणजे जी स्त्री मतदानाला आली नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडते. दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठकडील कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात, ती वसंत ऋतूतच परततात. या काळात मतदान ठेवले, तर दुकानदाराला प्रचाराचीही गरज नाही. कोयत्यावर गेलेल्या आई-बापांची थोरली मुले पुष्कळदा आजीपाशी गावातच मागे राहतात. घरी विचारणारे कोणी नाही अशी ही मुले टपरीच्या आणि दुकानाच्या सर्वांत जवळ असतात, हे वेगळे सांगावयास नको.

एकट्या बंदीने किती साधते, याचा धडा विदर्भाने दिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या लोकचळवळीमुळे १९९३ मध्ये बंदी आली आणि ती टिकली. पण तेथेही दारू-तंबाखूविरुद्ध गावागावांत संघटना बांधण्यासाठी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा स्वतंत्र उपक्रम हाती घ्यावा लागला. कागदावरच्या बंदीला रोजची पहारेकरी माणसे लागतात.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा पहारा अवघड होतो, याचे कारण टपरीवाला परका नसतो. पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव पडतो, पदवी घेऊनही काम मिळत नाही. मग थोड्या भांडवलात जो धंदा उभा राहतो तो हा. काल शाळेत शपथ घेतलेलाच मुलगा आज गल्ल्यावर बसलेला असणे अशक्य नाही. त्याची टपरी उचलून फेकली तर आठ दिवसांत ती दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहील. नगरपरिषदेने शंभर यार्ड प्रत्यक्ष फीत लावून मोजावेत, रेषा आखावी, रेषेबाहेर त्याला जागा द्यावी; आणि वह्या, पेन, चहा किंवा फळे विकणाऱ्याला आतली जागा कमी भाड्याने मिळेल, असा ठराव करावा. शिक्षकांच्या आणि पालकांच्या समितीने २६ जूनची वाट न पाहता महिन्यातून एकदा ही रेषा फिरून पाहावी, आणि मतदानाची मागणी करावयाची असेल तर ऊसतोडीच्या गाड्या परत आल्यावर करावी.