खोलवरचे सोने आणि यंत्राचा कान

विजयादशमीला आपण आपट्याची पाने सोने म्हणून परस्परांना देतो. या प्रथेमागची कौत्साची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागावयास आलेल्या या शिष्याला रघुराजाने विन्मुख धाडले नाही. रघूच्या स्वारीच्या भयाने कुबेराने आपट्याच्या झाडांवर सुवर्णवृष्टी केली, असे लोककथा सांगते. कथेतील सोने आकाशातून आले. मनुष्याच्या वाट्याचे सोने मात्र भूमीच्या उदरात आहे, आणि त्यासाठी त्याला खणावे लागते. दसरा हा शस्त्रांच्या आणि अवजारांच्या पूजनाचाही दिवस आहे. म्हणून आज आम्ही अशाच एका अवजाराची ओळख वाचकांना करून देत आहोत. जमिनीत खोल दडलेले सोने हुडकण्यासाठी मोठ्या कॉइलचे जे धातुशोधक यंत्र वापरतात, ते हे अवजार.

सोन्याचे गोळे देणारी भूमी

या यंत्राची खरी कर्मभूमी ऑस्ट्रेलिया, आणि त्यातही आग्नेयेकडील व्हिक्टोरिया हे राज्य. १८५१ साली तेथे सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि बॅलरॅट व बेंडिगो या गावांकडे देशोदेशींच्या माणसांची रीघ लागली. तेथील गारगोटीच्या खडकांत सोन्याच्या शिरा होत्या. लक्षावधी वर्षांच्या ऊनपावसाने तो खडक झिजला, हलकी माती वाहून गेली आणि जड सोने मागे राहिले. कोठे कणांच्या रूपाने, कोठे ओबडधोबड गोळ्यांच्या रूपाने. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलिआगुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघा खाणकऱ्यांना एका झाडाच्या मुळाशी, पृष्ठभागाखाली अवघ्या तीन सेंटिमीटरांवर, असा एक गोळा लागला की त्यातून सुमारे ७२ किलो सोने निघाले. ‘वेलकम स्ट्रेंजर’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. डनॉली गावातील तराजूवर तो मावेना, तेव्हा ऐरणीवर घालून त्याचे तुकडे करावे लागले!

वरवरचे सोने असे वेचले गेले, आणि उरले ते अधिक खोल होते. कुदळीने सारे रान उकरणे मनुष्याच्या आवाक्यातले नव्हते. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९८० साली, त्याच मुलखातील किंगोवर गावाजवळ एका शोधकाच्या धातुशोधक यंत्राने साद दिली. सुमारे एक फूट खोलीवर २७ किलोंचा गोळा उभा रुतलेला होता. ‘हँड ऑफ फेथ’, म्हणजे श्रद्धेचा हात, असे त्याचे नामकरण झाले. पुढे तो अमेरिकेतील लास व्हेगासच्या एका कॅसिनोने विकत घेतला. ज्या भूमीवरून पिढ्यान् पिढ्या माणसे चालून गेली, तिच्यात एका फुटावर एवढे धन पडून होते. मग दोन फुटांवर काय असेल? तीन फुटांवर काय असेल? मोठ्या कॉइलचा जन्म या प्रश्नातून झाला.

चौसष्टावा अंश

यंत्राचे मूळ तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. तारेच्या वेटोळ्यातील, म्हणजेच कॉइलमधील, वीजप्रवाह बदलला की भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या क्षेत्रात आलेल्या धातूमध्ये वीज उत्पन्न होते. सुवर्णशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत कॉइलमधून विजेचा ठोका देऊन तो एकाएकी तोडतात. त्या धक्क्याने जमिनीतील सोन्यात क्षणभर भोवरे उठावेत तशी वीज फिरते आणि काही दशलक्षांश सेकंदांत विरू लागते. ती विरताना तिचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र कॉइलपर्यंत येऊन पोहोचते. यंत्र ते टिपते आणि शोधकाच्या कानावरील हेडफोनमध्ये स्वर हलतो.

येथे निसर्गाचा एक कठोर नियम आडवा येतो. कॉइलपासून पुरेसे दूर गेल्यावर तिचे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की आठवा अंश उरतो. सोन्याकडून परतणारी हाकही त्याच प्रमाणात क्षीण होते. जाताना आठवा आणि येताना आठवा, मिळून चौसष्टावा अंश! खोली तिप्पट झाली तर सातशे एकोणतिसावा अंश. नुसती वीज वाढवून या नियमावर मात करता येत नाही. परंतु कॉइलच्या अगदी निकट हा ऱ्हास सावकाश होतो, आणि ते ‘निकट’ किती अंतरापर्यंत धरावे हे कॉइलच्या रुंदीवर ठरते. म्हणून सामान्यतः अकरा इंचांच्या आसपासची कॉइल वापरणारे शोधक खोल सोन्यासाठी अठरा, वीस, क्वचित पंचवीस इंचांची कॉइल खांद्यावरच्या पट्ट्यांनी पेलतात. सपाट मोकळ्या माळांवर कोणी याहूनही मोठी चौकट गाडीमागे ओढीत नेतात.

खोलीचे मोल

तथापि हे बळ फुकट मिळत नाही. तोच प्रवाह रुंद वेटोळ्यात पसरला की त्याचे क्षेत्र जवळच्या जवळ विरळ होते. परिणामी, लहान कॉइलला सहज ऐकू येणारा गव्हाच्या दाण्याएवढा सुवर्णकण मोठ्या कॉइलच्या खालून निसटतो. शिवाय रुंद कॉइल एकाच वेळी पुष्कळ मातीचे ऐकते. व्हिक्टोरियाची तांबडी माती लोहयुक्त आहे आणि ती स्वतःच यंत्राला खोटी साद देते. १९७० च्या दशकातील यंत्रे या मातीपुढे पुष्कळदा हतबल होत. १९८५ साली ॲडलेड येथे स्थापन झालेल्या मायनलॅब या कंपनीने १९९५ मध्ये वेगवेगळ्या लांबीचे ठोके देऊन मातीचा स्वर वजा करणारे यंत्र आणले, आणि निकामी समजून सोडलेल्या रानांतून पुन्हा सोने निघू लागले. तरीही कॉइल जितकी मोठी तितका मातीचा, विजेच्या तारांचा आणि दूरच्या मेघगर्जनेचाही गोंगाट अधिक. शोधकाला पाऊल मंद ठेवावे लागते. हाक नेमकी कोठून आली हे चटकन उमगत नाही, आणि हातभर खणल्यावर गंजका खिळा किंवा जुना डबा निघणे हे तर नित्याचेच. एवढे करूनही मोठ्या गोळ्यासाठी आशा धरावयाची ती साधारण मीटरभर खोलीची!

खोली आणि आजूबाजूचा अडथळा यांचे हे दुखणे जुने आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले धातुशोधक यंत्र घेऊन त्यांच्या शय्येपाशी गेले होते. गोळी खोल रुतली होती, गादीतील पोलादी स्प्रिंगांनी यंत्र भांबावले, आणि वैद्यांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफील्ड निवर्तले.

मग याहून प्रचंड कॉइल का करू नये, असे वाचक विचारतील. तशा आहेतही. भूगर्भशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरखाली वीस-पंचवीस मीटर व्यासाचे वेटोळे टांगून शेकडो मीटर खोलीपर्यंतच्या खडकांचा अंदाज घेतात. परंतु त्यांना दिसतात ती वीज वाहून नेणारी खनिजे आणि खडकांचे थर. सोन्याचा सुटा गोळा त्यांच्या लेखी नगण्य असतो. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या आणि २००१ साली बंद झाल्या. तेथे टनभर खडकातून काही ग्रॅम सोने काढावयाचे असे. असे विखुरलेले सोने कोणत्याही कॉइलला ऐकू येत नाही.

आमचा मुद्दा

हे सारे सविस्तर सांगण्यास कारण आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत धन दिसते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. गुप्तधनाच्या लोभापायी नरबळीसारखी अघोरी कृत्ये घडली. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात असल्या कृत्यांचाही समावेश आहे. आता अंजनाची जागा यंत्राच्या नावाने फिरणाऱ्या पेट्या घेऊ पाहतात. दोनशे फुटांवरचे सोने दाखवितो, असे म्हणत कोणी चकचकीत पेटी पुढे केली, तर वाचकांनी तो चौसष्टावा अंश आठवावा. खरे यंत्र आपली मर्यादा सांगते. ती न सांगणाऱ्या यंत्राच्या नादी लागून घरातले दागिने गहाण पडले, तर होते ते सोनेही जाईल. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात असावे.

व्हिक्टोरियात शोधकाला सरकारी परवाना काढावा लागतो. हातातील साधी अवजारेच वापरावयाची, आदिवासींच्या वारशाच्या जागांना धक्का लावावयाचा नाही, आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवूनच पुढे जावयाचे, असा तेथील दंडक आहे. सोने लागो वा न लागो, भूमी पूर्ववत करूनच निघावयाचे! सीमोल्लंघन करणाऱ्याला आपली सीमा ठाऊक असावी लागते. अवजारांच्या पूजेच्या या मंगल दिनी आपल्या अवजाराचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचे ज्ञान सर्वांना लाभो, हीच आमची सदिच्छा. सोने घ्या, सोन्यासारखे राहा!