बदकाचा पाय दुखावला तर

कोकणातल्या आपल्या वस्त्यांमध्ये मागील दारी चार-सहा कोंबड्या नसतील असे घर विरळाच. खाडीकाठच्या गावांत त्यांच्या सोबतीला बदकेही दिसतात. बदक पाळायला सोपे. पावसाची त्याला भीती नाही, परसातल्या गोगलगायी आणि किडे ते वेचून खाते, संध्याकाळी हाक मारली की रांगेने घरी येते. मात्र त्याचे एक अंग नाजूक असते, ते म्हणजे पाय. शरीर जड आणि पाय पोहण्यासाठी घडलेले. त्यामुळे बदक आजारी पडण्यापेक्षा लंगडे होण्याचीच शक्यता जास्त. आणि बदक लंगडे झाले की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, "आता कापून टाका."

आमच्या घरीही तेच झाले. गेल्या पावसाळ्यात, जुलै महिन्यात, आमच्या चार बदकांपैकी भुरी संध्याकाळी घरी आली नाही. शोधले तेव्हा ती जांभ्या दगडाच्या गडग्यापाशी बसलेली सापडली. दगडांच्या फटीत तिचा उजवा पाय अडकला होता. सोडवल्यावर तिने तो जमिनीला टेकवलाच नाही. दादी म्हणाल्या, "लंगडं बदक काय कामाचं? वाळून जाण्याआधी जबह करा." थोरल्या मुलीचे डोळे भरून आले, "दादी, सकाळीच तिने अंडं दिलंय गं." धाकटा काहीच बोलला नाही, भुरीला मांडीवर घेऊन बसून राहिला. दादींचे म्हणणे कठोर नव्हते. त्यांनी गरिबीचे दिवस पाहिलेले आहेत, अन्न वाया जाऊ नये हा त्यांचा विचार. पण निर्णय घेण्याआधी नेमके काय मोडले आहे ते पाहायला हवे, असे आम्ही ठरवले.

आधी पाहावे, मग ठरवावे

बदकाला कधीही पाय धरून उचलू नये, चांगल्या पायाचेही नाही. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरावेत आणि एक हात पोटाखाली द्यावा. जुनी सुती ओढणी अंगाभोवती गुंडाळली आणि डोळ्यांवर सैलसर कपडा टाकला की पक्षी शांत होतो. मग उजेडात दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून तुलना करावी.

बदकाच्या पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. खरे तर तो घोटा. गुडघा वर पिसांमध्ये झाकलेला असतो. हे माहीत असले की डॉक्टरांना फोनवर नीट सांगता येते. पुढील गोष्टी पाहाव्यात.

तळव्याला फोड किंवा काळी खपली आहे का? खडबडीत फरशी, काटा किंवा लाकडाची कुसळ यांमुळे तळव्याला बारीक जखम होते, तिच्यात जंतू शिरतात आणि आत घट्ट पू साठतो. पक्ष्यांचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो. म्हणून तो पिळून निघत नाही. घरी ब्लेडने कापू नये.

पायाला दोरा, जाळ्याचा धागा किंवा गळाची तार गुंडाळली आहे का? खाडीकाठी हे फार घडते. धागा सुजेत रुतल्यामुळे दिसत नाही, बोटाने चाचपून पाहावे लागते.

पाय वाकडा लोंबतो आहे का, हाताला हाडाची टोके वेगळी लागतात का? तसे असेल तर हाड मोडले आहे.

सूज किंवा जखम काहीच नाही, तरी मादी बसून आहे आणि कुंथते आहे? अंडे आत अडकले तरीही बदक पाय ओढत चालते. तेव्हा दुखणे पायाचे नसते. हे तातडीचे असते, डॉक्टरांकडे न्यावे.

दोन्ही पाय एकदम गळाले आणि मानही लुळी पडली, तर साठलेल्या, कुजलेल्या पाण्यातल्या विषाची शंका घ्यावी आणि बाकीची बदके त्या पाण्यापासून लगेच दूर करावीत. एकापाठोपाठ एक पक्षी मरू लागले, तर घरगुती उपाय करत बसू नये, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा तिथल्या कोंबडीपालकांवर काय ओढवले ते आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल.

डॉक्टर आणि घरचे उपाय

भुरीचा पाय घोट्याच्या खाली, पिसे नसलेल्या भागात मोडला होता. कातडी खरचटली होती, पण हाड बाहेर आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टोपलीत गोणपाट घालून दवाखान्यात नेले. ज्यांना जाणे शक्य नसेल त्यांनी 1962 हा टोल-फ्री क्रमांक लक्षात ठेवावा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तो आहे.

डॉक्टर म्हणाले, "मांडीचं हाड मोडलं असतं तर अवघड होतं, तिथं पट्टी बसत नाही. इथं बसेल. पक्ष्यांची हाडं लवकर जुळतात. तीन-चार आठवडे सांभाळा." त्यांनी पाय सरळ केला, कापूस गुंडाळला, दोन्ही बाजूंनी बांबूच्या पातळ कामट्या लावल्या आणि वर चिकटपट्टी बांधली. दुखणे कमी करण्याचे आणि जखम चिघळू नये म्हणून प्रतिजैविक, अशी दोन औषधे वजन करून दिली.

घरी आल्यावर दादींनी खोबरेल तेल गरम करायला ठेवले. त्यांच्या हाताला मालिशचा गुण आहे, गावातल्या बाया बाळांना घेऊन त्यांच्याकडे येतात. पण मोडलेले हाड चोळले तर ते पुन्हा सरकते, आणि पिसांना तेल लागले की त्यांचा पाणी न धरण्याचा गुण जातो. मग बदक पाण्यात भिजते आणि गारठते. हळद-चुन्याचा गरम लेपही लावू नये, चुन्याने कातडी भाजते. दादींना हे सांगितले तेव्हा त्यांनी तेल उतरवले आणि म्हणाल्या, "मग मी काय करू? मला काहीतरी काम द्या." रोज सकाळी बोटे पाहायचे काम त्यांनी घेतले. पट्टी घट्ट झाली तर पट्टीखालची बोटे थंड पडतात, सुजतात, काळपट होतात. दादींच्या बोटांना तो फरक आमच्यापेक्षा आधी कळतो.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुटून देऊ नयेत. कोणते औषध कोणत्या प्राण्याला मारक ठरेल याचा अंदाज घरी येत नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, ती मेलेली गुरे खाऊन आपल्याकडची गिधाडे जवळजवळ संपली, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले.

तीन आठवड्यांचा दिनक्रम

भुरीला पडवीत डालग्याखाली ठेवले. खाली भाताचा पेंढा जाडसर पसरला, ओला झाला की बदलायचा. ओल्या, घाण जागेवर बसून राहिले की छातीला आणि चांगल्या पायाला फोड येतात. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा तिची बसण्याची बाजू बदलायची. जागा लहान ठेवावी, म्हणजे ती चालायला धडपडत नाही. पण एकटी ठेवू नये. बदक कळपाचे प्राणी आहे, एकटे पडले की खाणे सोडते. डालग्याला लागूनच आम्ही दुसरी मादी बांबूच्या जाळीआड ठेवली. दोघी एकमेकींशी दिवसभर बोलत असत.

पट्टी कोरडी राहायला हवी, म्हणून पोहणे बंद. पण पाणी पिण्याचे भांडे उथळ नको. बदकाला पूर्ण चोच, नाकपुड्यांसकट, बुडवता आली पाहिजे. डोळे आणि नाक ते असेच स्वच्छ करते. आम्ही जड तळाचे खोलगट पातेले ठेवले, म्हणजे ते कलंडत नाही.

खाण्याचे महत्त्व मोठे आहे. नुसती तांदळाची कणी घालून बदक वाढवले तर पाय कमजोर होतात. नायसिन नावाचे जीवनसत्त्व बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा बरेच जास्त लागते. ते कमी पडले की पिलांचे पाय वाकतात आणि ती घोट्यांवर बसून राहतात. यीस्टची भुकटी, गव्हाचा कोंडा, मासळीचे तुकडे यांनी ही कमतरता भरून निघते. सुकट किंवा जवळा द्यायचा तर मीठ निघून जाईपर्यंत धुऊन द्यावा, जास्त मीठ पक्ष्यांना बाधते. अंडी देणाऱ्या मादीला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. आणि पावसाळ्यात बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका "माणसांना नको, बदकांना घाला" म्हणून टाकू नये. त्या बुरशीचे विष सोसण्याची ताकद बदकात कोंबडीहूनही कमी असते.

दर शुक्रवारी भुरीचे वजन धाकटा वहीत लिहीत असे. वजन टिकून असेल तर दुखणे आटोक्यात आहे, सतत घटत असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा घरातला नियम होता. पक्ष्यांच्या विष्ठेतून पोटाचे आजार होतात, म्हणून डालगे स्वयंपाकघरात आणू नये आणि बदकाची अंडी नेहमी पूर्ण शिजवूनच खावीत.

औषध चालू असताना अंडी आणि मांस

औषध चालू असताना भुरीने तीन अंडी दिली. ती आम्ही नारळाच्या बुंध्याशी पुरली. प्रतिजैविकाचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो. औषध संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस दोन्ही वर्ज्य ठेवावे लागते. आम्हाला दोन आठवडे सांगितले होते. अन्न हलाल असावे तसे तय्यबही असावे. हे दोन शब्द कुरआनात सोबत आले आहेत.

म्हणून दादींच्या पहिल्या वाक्याचा विचारही पहिल्याच दिवशी, औषध सुरू होण्याआधी, करायचा असतो. जखमी पण जिवंत पक्षी रीतीने जबह केला तर तो हलाल आहे, यात संकोच नको. हाड चुरगळले आहे, मांस काळे पडू लागले आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, अशा वेळी जीव तडफडत ठेवणे ही दया नव्हे. तेव्हा धारदार सुरीने, दुसऱ्या पक्ष्यांच्या नजरेआड, लवकर जबह करावे. मात्र पाय बरा होण्यासारखा असेल आणि पक्षी खात-पीत असेल, तर त्याला संधी द्यावी. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, या हदीसा आपण मुलांना शिकवतो. परसातले लंगडे बदक म्हणजे त्याच धड्याची परीक्षा.

तिसरा मार्ग लोक काढतात, तो म्हणजे बाजारात विकून मोकळे होणे. औषध चालू असलेला पक्षी खाण्यासाठी विकू नये. मुदत संपल्यावर विकायचा असला तरी घेणाऱ्याला सगळे सांगावे. वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात काय सुनावले होते, ते आठवावे.

पुन्हा चालताना

चोविसाव्या दिवशी पट्टी सुटली. पाय बारीक झाला होता. मोठ्या टबात कोमट पाणी घेऊन भुरीला रोज दहा मिनिटे तरंगत ठेवले. पाण्यात वजन पायावर येत नाही आणि पाय आपोआप हलतो. बाहेर काढून नीट पुसून कोरडे करायचे, कारण बरेच दिवस न पोहलेल्या बदकाची पिसे लवकर भिजतात. दहा-बारा दिवसांत ती कळपामागून जाऊ लागली. पाय थोडा बाहेर वळलेला राहिला आहे, तो तसाच राहील. नर आणि धडधाकट माद्या लंगड्या पक्ष्याला टोचतात, म्हणून आठवडाभर लक्ष ठेवावे लागले. सप्टेंबरपासून ती पुन्हा अंडी देते.

यंदा पाऊस सुरू होण्याआधी गडग्याच्या फटी आम्ही लहान दगडांनी बुजवल्या, खुराड्याच्या दारातली उंच पायरी काढून उतार केला आणि फरशीवर तूस पसरले. परसात पडलेले जाळ्याचे तुकडे मुलांनी वेचले. यात खर्च फारसा झाला नाही.

खुराडे बंद करताना आपण पक्षी मोजतोच. मोजताना प्रत्येकाच्या चालीकडेही एकदा पाहावे. पहिल्या दिवशी दिसलेले लंगडणे बहुतेक वेळा बरे होते. आठवड्याने दिसलेले क्वचितच होते.