आपलाच देह, आपलाच कॅमेरा

छायाचित्रणाची कला जगासमोर येऊन जेमतेम वर्ष झाले होते. १८४० मध्ये इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थांनी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर बसवले. कमरेखाली एक वस्त्र, वरचा देह उघडा, डोळे मिटलेले. कागदावर थेट छायाचित्र उमटवण्याची रीत त्यांनी स्वतंत्रपणे शोधली होती. पण मानमरातब आणि सरकारी वेतन मिळाले ते लुई दागेर यांना. या उपेक्षेचा निषेध म्हणून बायार यांनी स्वतःला बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात दाखवले आणि चित्राच्या पाठीमागे आपली कैफियत लिहून ठेवली. स्वतःचा उघडा देह स्वतःच टिपण्याची कल्पना मोबाइलबरोबर आली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे.

आज जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. आपल्या देहाचे एखादे विवस्त्र छायाचित्र असावे, असे वाटणारी प्रौढ माणसेही पुष्कळ आहेत. कोणाला तारुण्याची आठवण जपायची असते, कोणाला बाळंतपणानंतर किंवा मोठ्या आजारानंतर बदललेल्या शरीराशी पुन्हा ओळख करून घ्यायची असते. या विषयावर आपल्याकडे बोलले जाते ते फक्त काही अघटित घडल्यावर. त्यामुळे असे चित्र चांगले कसे काढावे आणि सुरक्षित कसे ठेवावे, ही दोन्ही माहिती वेळेवर मिळत नाही.

पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच

इमोजेन कनिंगहॅम यांनी १९०६ च्या सुमारास सिअ‍ॅटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात, गवतावर पहुडलेल्या अवस्थेत आपले विवस्त्र छायाचित्र काढले. तेव्हा त्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे अमेरिकेच्या अग्रगण्य छायाचित्रकारांत त्यांची गणना झाली. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह शेरगिल यांना तर स्वतःची छायाचित्रे काढण्याचा आयुष्यभराचा छंद होता. १९३० मध्ये पंधरा दिवसांच्या उपवासानंतर त्यांनी लंगोटीवरचा आपला कृश देह टिपला. साठी गाठलेल्या त्या माणसाच्या मुद्रेत लाज नाही आणि प्रौढीही नाही. आहे ते केवळ निरीक्षण.

ब्रिटनच्या जो स्पेन्स यांची कहाणी अधिक हृदयस्पर्शी आहे. १९८२ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेस सामोरे जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या उघड्या स्तनावर तो जो स्पेन्सच्या मालकीचा आहे, अशा अर्थाचे शब्द प्रश्नचिन्हासह लिहिले आणि सहकाऱ्याच्या मदतीने छायाचित्र काढले. रुग्णालयात आपले शरीर इतरांच्या निर्णयाचा विषय होऊ नये, ही त्यामागची तळमळ होती. जॉन कोप्लान्स यांनी १९८४ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आपल्या सुरकुतलेल्या, केसाळ देहाची मालिका सुरू केली. तीत चेहरा कुठेच दिसत नाही.

यांपैकी कोणीही रूढ अर्थाने मॉडेल नव्हते. देह कोणत्या बाजूने, किती आणि कशासाठी दाखवायचा, हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवले. आत्मविश्वास ज्याला म्हणतात, तो या निर्णयातून येतो. सुडौल बांध्यातून येतोच असे नाही.

आपलेच चित्र परके का वाटते?

पहिले छायाचित्र पाहून बहुतेक जण नाउमेद होतात. त्याची कारणे शरीरात कमी आणि तंत्रात अधिक असतात. एक म्हणजे आरसा. आपण स्वतःला आयुष्यभर डावी-उजवी उलटलेल्या रूपात पाहत आलेलो असतो. १९७७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात व्यक्तींना स्वतःचे आरशातल्यासारखे चित्र अधिक आवडले, तर त्यांच्या मित्रांना सरळ चित्र. जे सवयीचे ते गोड वाटते, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण अंतर. हात लांब करून धरलेला मोबाइल शरीरापासून जेमतेम दीड-दोन फुटांवर असतो. इतक्या जवळून जो अवयव कॅमेऱ्यालगत असेल तो फुगलेला आणि लांबचा आखूड दिसतो. मोबाइल सात-आठ फूट दूर स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवून टायमर लावला, तर प्रमाण सुधारते. उभ्या आकृतीसाठी कॅमेरा साधारण कमरेच्या उंचीवर असावा. फार वरून टिपल्यास पाय खुजे दिसतात. मोबाइलची मागची भिंग-व्यवस्था सहसा पुढच्यापेक्षा सरस असते, म्हणून पडद्यावर स्वतःला पाहत बसण्याचा मोह टाळलेला बरा.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण प्रकाश. छताचा दिवा डोळ्यांखाली, छातीखाली आणि पोटाखाली काळ्या सावल्या पाडतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून आदळतो आणि देहाची गोलाई पुसून टाकतो. दोन्ही बंद करावेत.

खिडकीचा उजेड

घरगुती छायाचित्रासाठी खिडकीसारखा दुसरा दिवा नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिचा उजेड मऊ असतो. चित्रकारांना उत्तरेकडची खिडकी प्रिय असते ती याचसाठी. प्रकाशाचा उगम आकाराने जितका मोठा आणि जितका जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा विरघळतात. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा सोडावा. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, तिच्याकडे थोडे तिरके उभे राहावे, म्हणजे देहाची एक बाजू उजळते, दुसरी हळूहळू सावलीत जाते आणि आकाराला खोली येते. सावली फारच गडद वाटली, तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा पांढरी चादर उभी धरावी.

उजेड पूर्ण बाजूने घेतला तर त्वचेचा पोत, व्रण, बाळंतपणाच्या रेषा ठळक होतात. समोरून तिरका घेतला तर त्या सौम्य होतात. यांत चांगले-वाईट असे काही नाही. काय सांगायचे आहे, त्यावर निवड अवलंबून. पार्श्वभूमी गडद असेल तर कॅमेरा तिला उजळण्याच्या नादात त्वचेचा मूळ रंग फिका करून टाकतो. अशा वेळी पडद्यावर त्वचेच्या जागी बोट टेकवून उजेड किंचित कमी करावा. सावळ्या रंगाची झळाळी त्याने टिकते.

काही साध्या गोष्टी विसरू नयेत. इलॅस्टिकचे वळ जाण्यास वेळ लागतो, म्हणून आधी अर्धा तास सैल कपड्यांत राहावे. खोली गार नसावी. थंडीने आखडलेले अंग संकोचलेले दिसते. मागचा पसारा, वाळत घातलेले कपडे, औषधांच्या बाटल्या दूर कराव्यात. श्वास रोखून पोट आत घेऊ नये. श्वास सोडताना खांदे आपोआप उतरतात, तो क्षण टिपावा.

आणि शहरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. दिवसा बाहेर लख्ख उजेड असताना पातळ पडद्याआडचे दिसत नाही. पण संध्याकाळी आत दिवा लावला की हे गणित नेमके उलटते आणि समोरच्या इमारतीला सारे दिसू लागते.

संकोच एका बैठकीत जात नाही. प्रारंभ पाठीपासून, हातापासून किंवा भिंतीवरच्या सावलीपासून करावा. पुष्कळ छायाचित्रे काढावीत आणि ती लगेच न तपासता दुसऱ्या दिवशी पाहावीत. एका दिवसाने नजर बरीच उदार होते.

प्रत कुठे जाते?

चित्र काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे त्याची प्रत आपल्या हाती राहणे. अनेक मोबाइलमध्ये प्रत्येक छायाचित्र आपोआप इंटरनेटवरील साठवणुकीत जाते आणि त्याच खात्याशी जोडलेल्या घरच्या संगणकावर वा टॅबवर उमटते. म्हणून ही सोय आधी बंद करावी. जागेची नोंद करणारी सुविधाही बंद असावी. पुसलेले छायाचित्र बहुधा काही आठवडे कचऱ्याच्या कप्प्यात पडून असते. तिथूनही ते काढावे. ठेवायचेच असेल तर कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावे आणि मोबाइल दुरुस्तीला देण्यापूर्वी हलवावे. चेहरा, गोंदण, ठळक तीळ आणि ओळखू येणारी खोली चौकटीबाहेर ठेवली, तर धोका पुष्कळ कमी होतो.

पाठवलेले चित्र परत घेता येत नाही. एकदाच पाहता येईल अशा सोयीने पाठवले, तरी समोरचा दुसऱ्या कॅमेऱ्याने ते टिपू शकतो. प्रेमाची परीक्षा म्हणून कोणी असे छायाचित्र मागत असेल, तर ती मागणीच त्या प्रेमाविषयी पुरेसे सांगून जाते.

कायदा कोणाच्या बाजूने?

नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात स्पष्ट केले. चित्राचा संदर्भ आणि समकालीन समाजाची दृष्टी पाहावी लागते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तरीही कामुक स्वरूपाचा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसृत करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा ठरू शकते. त्यामुळे स्वतःपुरते ठेवणे आणि सार्वजनिक करणे यांतील रेषा ध्यानात असावी.

संमतीविना कोणाच्या गुप्तांगांचे चित्र टिपणे वा पसरवणे हा त्याच कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रियांच्या बाबतीत आणखी नेमके बोलते. छायाचित्र काढण्यास संमती होती, पण इतरांना दाखवण्यास नव्हती, तर ते पसरवणे गुन्हाच. 'मग काढलेच कशाला?' हा आपल्या समाजाचा लाडका प्रश्न या तरतुदीपुढे निरर्थक ठरतो. मात्र वर सांगितलेले सारे प्रौढांपुरतेच आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे असे चित्र काढणे, बाळगणे वा पाठवणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो, ते तिने स्वतः काढले असले तरी.

दुर्दैवाने चित्र फुटलेच, किंवा ते फोडण्याची धमकी आली, तर पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसू नयेत. तेच पुरावे असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करता येते, १९३० या क्रमांकावर मदत मागता येते. 'स्टॉप एनसीआयआय' या २०२१ पासूनच्या आंतरराष्ट्रीय सेवेत चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. आपल्याच यंत्रावर त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून ते चित्र ओळखून अडवतात.

जो स्पेन्स यांनी स्वतःच्या देहावर मालकीचा प्रश्न लिहिला, त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. खिडकीपाशी मोबाइल टेकवून टायमर लावणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न आज दोनदा सोडवावा लागतो: एकदा बटण दाबण्यापूर्वी आणि एकदा चित्र ठेवताना. दोन्ही वेळा उत्तर स्वतःचे असेल, तर त्या चित्रात लाजण्यासारखे काही उरत नाही.